सल्या कुठे गेला?

सात रस्ता हा सोलापूरचा असा चौक आहे की जिथे पाच मिनिटे उभे राहिले तरी शहरातल्या चारही भाषा कानावर पडतात. शासकीय विश्रामगृहाच्या आसपासच्या गर्दीत मराठी असते, तेलुगू असते, कन्नड असते आणि आमची दखनी असते. एकच माणूस रिक्षावाल्याशी एका भाषेत, चहावाल्याशी दुसऱ्या भाषेत आणि घरी फोनवर तिसऱ्या भाषेत बोलतो. सिनेमावरची भांडणेही येथे याच सर्व भाषांत होतात. कोणता नट मोठा, कोणाचे गाणे चोरीचे, कोणता शेवट चुकला, हे वाद पूर्वी टपरीवर सुरू होऊन टपरीवरच संपत. आता ते टपरीवर सुरू होतात आणि रात्रभर मोबाईलवर चालतात.

मध्यंतरी एका संध्याकाळी अशाच एका टोळक्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. पोरे मोबाईलवर 'सैराट'चा 'खरा अर्थ' सांगणारा कोणाचा तरी व्हिडिओ बघत होती. हा विद्यार्थी स्वतः फेसबुकवर सिनेमावर लिहितो आणि बरे लिहितो. आर्चीवर त्याने लिहिले आहे, प्रिन्सवर लिहिले आहे, शेवटच्या शांततेवर तर फारच चांगले लिहिले आहे. मी सहज विचारले, "सगळ्यांवर लिहिलंस, सल्यावर कधी लिहिलं नाहीस ते?"

तो हसला. म्हणाला, "लिहिलं होतं सर. रात्री टाकलं अन् फजरच्या आत काढून टाकलं."

"का रे?"

"अम्मी बोली, मोहसीनकू भूल गया क्या?"

टोळक्यातली बाकीची पोरे गप्प झाली. ज्यांना कळले ती गप्प झाली आणि ज्यांना कळले नाही तीही गप्प झाली. हा लेख त्या गप्प होण्याविषयी आहे. चित्रपटरसिकांनी आपसात केलेल्या समीक्षेत, जिला आता प्रचंड मोठे व्यासपीठ मिळाले आहे, कोण बोलतो, कोण बोलून पुसतो आणि त्यामुळे खुद्द कलाकृतीचे वाचन कसे अर्धे राहते, एवढाच प्रश्न मला येथे मांडायचा आहे.

रसिकांचे आपसातले वाद ही काही मोबाईलने आणलेली गोष्ट नव्हे. आपल्या घरांत दिल्लीहून निघणारे 'शमा' हे उर्दू मासिक येत असे. १९३९ साली सुरू झालेले हे मासिक १९९९ मध्ये बंद पडले. त्यातले कोडे सोडवण्यासाठी घरातली मोठी माणसे डोके खाजवत, बायका कथा वाचत आणि पोरे नटनट्यांची छायाचित्रे बघत. रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला लागली की कोणते गाणे कितव्या पायरीवर, यावर मोहल्ल्यात पैजा लागत. फर्माइशीची पत्रे पाठवून झुमरीतलय्या हे आडगाव देशभर माहीत झाले. रफी मोठा की किशोर, दिलीपकुमार मोठा की राज कपूर, या वादात सख्खे भाऊ आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलत नसत.

या जुन्या वादांची गोडी सांगताना एक गोष्ट मात्र विसरू नये. त्या टपरीवर बायका नव्हत्या. घरात सिनेमाची सर्वांत बारीक जाण असलेली माणसे म्हणजे आमच्या खाला आणि फुफ्या. कोणत्या नटीने कोणत्या प्रसंगात पदर कसा घेतला होता, हे त्यांना वीस वर्षांनंतरही आठवे. पण त्यांचे मत चुलीपाशी निघाले आणि चुलीपाशीच विझले. ते कोणत्याही वृत्तपत्राच्या परीक्षणात आले नाही. म्हणून समाजमाध्यमांवर आज एखादी मुलगी, बुरख्यातली असो वा नसो, आपल्या नावाने किंवा टोपणनावाने सिनेमावर चार ओळी लिहिते, तेव्हा मला ती गोष्ट क्षुल्लक वाटत नाही. 'हे कसले समीक्षक' म्हणून नाक मुरडणाऱ्या आपल्या प्राध्यापक मंडळींनी हा इतिहास ध्यानात घ्यावा.

आता 'सैराट'कडे वळू. नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी त्या वर्षीच्या बर्लिन महोत्सवात तो दाखवला गेला होता आणि अकलूजच्या रिंकू राजगुरूच्या अभिनयाची राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली होती. म्हणजे लेखक-दिग्दर्शक आमच्या जिल्ह्याचा, नायिका आमच्या जिल्ह्याची, करमाळ्याची माती आणि बोलीही आमचीच. मराठी चित्रपटाने तोपर्यंत पाहिला नव्हता एवढा गल्ला त्याने जमवला. सोलापुरात तर लोक नातेवाईक बघायला जावे तसे हा सिनेमा बघायला गेले.

आणि मग वाद सुरू झाला. तो वाद ज्यांनी तेव्हा वाचला असेल त्यांना आठवेल की त्याचे ढोबळपणे चार प्रवाह होते. पहिला प्रवाह म्हणे, या सिनेमाने शाळा-कॉलेजातल्या पोरी बिघडतील, पळून जातील. दुसरा प्रवाह जातीचा. एक गट म्हणे, आमच्या समाजाला खलनायक केले; दुसरा म्हणे, वर्षानुवर्षे जे घडते तेच दाखवले. तिसरा प्रवाह जरा सिनेमाचे बोलणाऱ्यांचा. त्यांचे म्हणणे, मध्यंतरापूर्वीचा सिनेमा स्वप्नासारखा आणि नंतरचा संथ. हे दोन तुकडे जुळत नाहीत. चौथा प्रवाह प्रेक्षकांवरच रागावलेल्यांचा. 'झिंगाट'वर पडद्यापुढे नाचणारा प्रेक्षक शेवट बघून काय घेऊन घरी जातो, असा त्यांचा सवाल होता.

जुलै २०१६ मध्ये कोपर्डीची अमानुष घटना घडली. त्यानंतर ऑगस्टपासून मराठा समाजाचे प्रचंड मोर्चे निघाले, अॅट्रॉसिटी कायद्याची चर्चा पेटली आणि 'सैराट'वरचा वादही त्या आगीत ओढला गेला. सिनेमाचे पात्र आणि गल्लीतला माणूस यांत फरक उरला नाही. पाटलाची बाजू घेणारा प्रेक्षक अमुक जातीचा आणि पर्श्याची बाजू घेणारा तमुक जातीचा, अशी हजेरी लागू लागली.

तरीही या वादाचे श्रेय त्याला दिले पाहिजे. ज्यांना कोणत्याही संपादकाने कधी परीक्षण लिहायला सांगितले नव्हते, अशी शेकडो माणसे करमाळा, माढा, माळशिरस, बार्शीच्या बोलीत एका कलाकृतीवर लिहू लागली. वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या थोबाडीत प्रिन्स मारतो, तो प्रसंग घ्या. शहरातल्या अनेकांनी तो 'श्रीमंत पोराचा माज' म्हणून पाहिला. पण गावाकडून लिहिणाऱ्यांनी तो प्राध्यापक कोण, तो काय शिकवत होता आणि थप्पड नेमकी कशाला बसली, हे उलगडून सांगितले. हे वाचन कोणत्याही नामवंत समीक्षकाच्या वाचनापेक्षा कमी नव्हते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि लिहिणारी पोरे बोलू लागली. परिच्छेदांची जागा व्हिडिओने घेतली. बोलण्याला वेग आला, पण शब्द तोलण्याची सवय गेली. लिहिताना माणूस एकदा तरी मागे वळून वाचतो. बोलताना तो पुढेच जातो.

या चारही प्रवाहांत एका पात्रावर जवळजवळ कोणीच थांबले नाही. ते पात्र म्हणजे सलीम शेख, म्हणजेच सल्या. अरबाज शेख या तरुणाने ते केले आहे. पर्श्याचे दोन जिवलग: एक लंगड्या, दुसरा सल्या. पोरींनी वर्गात नावे घ्यावीत, पोरांनी लग्नात त्यांच्यासारखे नाचावे, इतके दोघे लोकप्रिय झाले. पण लोकप्रिय होणे वेगळे आणि वाचले जाणे वेगळे.

सल्याचे पहिले मोठेपण असे की तो समजावून सांगितलेला नाही. पडद्यावर मुसलमान आला की त्याच्यामागे दर्गा दिसावा, डोक्यावर टोपी असावी, तोंडी 'या अल्लाह' असावे आणि शेवटी त्याने देशासाठी किंवा मित्रासाठी छातीवर गोळी घ्यावी, ही आपल्या सिनेमाची जुनी रीत. सल्याला यातले काही करावे लागत नाही. तो करमाळ्याकडचा एक पोरगा आहे, जेऊरचे कोणतेही पोर बोलेल तसेच बोलतो आणि विहिरीवर, मैदानावर, कॉलेजात सर्वांसोबत असतो. त्याच्या तिथे असण्याचे कारण कोणी विचारत नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात हेच वास्तव आहे. मुसलमान पोराला मराठी येते याचे आश्चर्य फक्त पुण्यामुंबईच्या माणसाला वाटते. याच जिल्ह्यातल्या बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल हे शाहीर अमर शेख झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा आवाज बनले. १९६१ च्या 'प्रपंच' या चित्रपटात, एका गरीब कुंभार कुटुंबाच्या कथेत, ते भूमिका करताना दिसतात. तेव्हा सल्या आकाशातून पडलेला नाही. त्याच्या मागे मोठी वाट आहे.

पण याच सल्याची दुसरी बाजूही आहे. सिनेमात प्रत्येकाला स्वतःचे काही तरी दुखणे आहे. आर्चीला घर आहे आणि घराचा तुरुंग आहे. पर्श्याला कोळंबी-मासळीच्या वासाचे घर आणि खाली मान घालणारा बाप आहे. लंगड्याला स्वतःच्या एकतर्फी प्रेमाचे आणि पायाचे दुःख आहे. सल्याला काय आहे? त्याला दोस्ती आहे. तो निरोप पोहोचवतो, पहारा देतो, पळून जायला मदत करतो, मार खातो. दुसऱ्याच्या प्रेमासाठी लागणारे सारे काम तो करतो. त्याने कोणावर प्रेम करावे की नाही, त्याच्या घरात काय शिजते, त्याची बहीण काय शिकते, यातले सिनेमा संपल्यावर आपल्याला किती आठवते?

माझ्या मते 'सैराट'चा सर्वांत मोठा मोकळा प्रश्न मध्यंतरानंतर उभा राहतो आणि तो आर्ची-पर्श्याचा नसून मागे राहिलेल्यांचा आहे. पाटलाची पोर पळाली. पोलीस ठाण्यात तिच्याकडून या पोरांविरुद्ध खोटी तक्रार वदवून घेण्याचा प्रयत्न झाला, तो आर्चीने उधळला. मारहाण झाली, गोळीबार झाला. प्रेमी युगुल रेल्वेत चढले आणि कॅमेरा त्यांच्यासोबत हैदराबादला गेला. सल्या आणि लंगड्या मागे राहिले. ज्या गावात पाटील आमदारकीच्या तोऱ्यात वावरतो, त्या गावात हे दोघे दुसऱ्या दिवशी सकाळी उठले असतील. मग काय झाले? पळून जाणाऱ्यांची किंमत सिनेमाने शेवटी दाखवली आणि ती आपण विसरू शकत नाही. मदत करणाऱ्यांनी मोजलेली किंमत पडद्याबाहेर राहिली.

हे मी दिग्दर्शकावर दोषारोप म्हणून लिहीत नाही. तीन तासांच्या चित्रपटाला कोणासोबत तरी जावेच लागते. पण समीक्षेचे काम नेमके हेच असते की कॅमेरा ज्या वाटेने गेला नाही त्या वाटेकडे बोट दाखवावे. हजारो व्हिडिओ आणि लाखो प्रतिक्रिया होऊनही हे बोट का उचलले गेले नाही?

आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या दखनी बोलणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात येते. आर्ची-पर्श्या पळून जातात ते हैदराबादला. तिथे ती दोघे तेलुगूच्या भिंतीवर आदळतात. कोणाचे बोलणे कळत नाही, कोणाला सांगता येत नाही. मराठी बोलणारी सुमनअक्का भेटते म्हणून ती वाचतात. आता सोलापूरकराला विचारा, पर्श्याच्या टोळीत हैदराबादला भाषेच्या बाबतीत सर्वांत कमी परका कोण ठरला असता? सल्या. आमच्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे नळदुर्ग-उस्मानाबादचा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सोलापूरच्या कितीतरी मुस्लिम घरांच्या सोयरिकी तिकडच्या. सल्या चारमिनारच्या गल्लीत जाऊन उभा राहिला असता तर त्याच्या 'नक्को'ला तिथे 'नक्को'नेच उत्तर मिळाले असते. ज्या शहरात तो घरच्यासारखा वावरला असता त्या शहरात कथा गेली आणि तो मात्र स्टेशनात मागे राहिला. हे वाचन चूक असेल, पण ते करण्यासाठी दखनी कान लागतो आणि तो कान असलेले प्रेक्षक आमच्या शहरात हजारोंनी आहेत. त्यांनी ते लिहिले नाही.

२०१८ साली 'सैराट'चा हिंदी अवतार 'धडक' आला. त्यात जातीची धार बोथट केली म्हणून समाजमाध्यमांवर रसिकांनी मोठा गदारोळ केला आणि तो योग्यच होता. जातीशिवाय ती गोष्ट केवळ श्रीमंत मुलगी व साधा मुलगा एवढीच उरते. पण त्या हिंदी चित्रपटात नायकाच्या मित्रांची नावे गोकुळ आणि पुरुषोत्तम आहेत. म्हणजे उदयपूरला पोहोचेपर्यंत सलीम गळून पडला. त्या सबंध गदारोळात 'सल्या कुठे गेला?' असा सवाल माझ्या तरी वाचनात आला नाही. उलट त्याच वर्षी बंगालीत 'नूर जहां' या नावाने हीच कथा आली, तेव्हा प्रेमी युगुलच मुस्लिम झाले. एका भाषेत मुसलमान नायक होतो, दुसऱ्या भाषेत मित्रांच्या यादीतूनही जातो, यावर लिहिण्यासारखे केवढे होते!

मराठीला तर याची तुलना करायला घरचेच माप आहे. १९४१ साली प्रभातने 'शेजारी' काढला. जिवबा आणि मिर्झा या दोन म्हाताऱ्या शेजाऱ्यांची ती गोष्ट. मिर्झा तिथे मदतनीस नाही. तो अर्धा चित्रपट आहे. गजानन जागीरदारांनी तो उभा केला. त्याच चित्रपटाच्या 'पडोसी' या हिंदी रूपात मजहर खान या मुस्लिम नटाने हिंदू ठाकूर केला आणि जागीरदारांनी पुन्हा मिर्झा. ऐन फाळणीच्या मागणीच्या काळात शांतारामबापूंनी हा घाट घातला होता. मिर्झापासून सल्यापर्यंत पंचाहत्तर वर्षे होतात. या पंचाहत्तर वर्षांत मराठी पडद्यावरचा मुसलमान भाषेने अधिक जवळ आला, पण कथेत तो मधोमध होता तेथून कडेला सरकला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्याला एकच दिसते तो चाहता होऊ शकतो, विरोधक होऊ शकतो. समीक्षक होऊ शकत नाही.

आता त्या पुसलेल्या मजकुराकडे येतो. २ जून २०१४ रोजी पुण्यात हडपसरला मोहसीन शेख या आमच्या सोलापूरच्या तरुणाला जमावाने ठार मारले. फेसबुकवर कोणी तरी महापुरुषांची विटंबना करणारी चित्रे टाकली होती, त्यावरून वातावरण तापले होते. मोहसीनचा त्या चित्रांशी काडीचाही संबंध नव्हता. तो नमाज पढून परतत होता. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने पुराव्याअभावी सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली. हे सारे जाहीर आहे. पण सोलापूरच्या मुस्लिम घरांत ते बातमी म्हणून राहिलेले नाही. ती एक शिकवण झाली आहे. पोरगा रात्री मोबाईलवर काही टंकत बसला की आई दारातून विचारते, काय लिहितोस? तिला सिनेमा, समीक्षा, नायक, खलनायक यांत फरक करायचा नसतो. तिला एवढेच माहीत आहे की दुसऱ्याने टाकलेल्या चित्रासाठी कोणाचा तरी मुलगा घरी आला नाही.

म्हणून 'समाजमाध्यमांवर सर्वांना समान संधी' हे वाक्य मी जपून वापरतो. पडद्यापुढे अंधार सर्वांना सारखा असतो; प्रतिक्रियेच्या चौकटीत नाव दिसते. एकाने लिहिले की दिग्दर्शकाने सल्याला न्याय दिला नाही, तर ते चित्रपटाविषयीचे मत ठरते. तेच वाक्य सलीम, इम्रान किंवा शबाना लिहिते तेव्हा ते 'त्यांच्या लोकांची तक्रार' ठरते. डिसेंबर २०२२ मध्ये 'पठाण'च्या गाण्यातल्या कपड्यांच्या रंगावरून काहूर उठले, तेव्हा आमच्या पोरांवर एक विचित्र पाळी आली. शाहरुख आवडतो म्हणावे तर धर्म दिसतो, आवडत नाही म्हणावे तर भीती दिसते. सिनेमा फक्त वाईट वाटला, असे म्हणण्याची मोकळीक उरली नाही. ही मोकळीक म्हणजेच समीक्षेचा श्वास.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत 'स्टार वॉर्स' मालिकेतला एक चित्रपट डिसेंबर २०१७ मध्ये आला. त्यात केली मरी ट्रॅन या व्हिएतनामी वंशाच्या अभिनेत्रीने दुय्यम भूमिका केली होती. चाहत्यांतल्या एका गटाने तिचा इतका छळ केला की जून २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरचा आपला सगळा मजकूर पुसला. तिथेही पात्राला दिलेला राग माणसाला भोगावा लागला आणि तिथेही शेवटी पुसण्याचीच पाळी आली. फरक एवढाच की तिथे अभिनेत्री होती, येथे साधा प्रेक्षक आहे.

परंतु सगळा दोष बाहेरच्यांवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या गप्प बसण्याला आतलेही कारण आहे. 'सैराट'वर बोलायचे म्हणजे जातीवर बोलायचे, आणि जातीवर बोलायचे म्हटले की आपली मंडळी झटकन म्हणतात, "हे त्यांचं आहे, आपल्यात जात नाही." बागवान, अत्तार, मोमीन, तांबोळी, मुलाणी, पिंजारी, कसाब, फकीर यांच्यात सोयरिकी कशा जुळतात हे ज्याला माहीत आहे त्याने हे वाक्य उच्चारू नये. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली ती याच वास्तवातून, आणि खुद्द दिलीपकुमार त्या चळवळीच्या व्यासपीठांवर आले. दिलीपकुमारच्या प्रत्येक चित्रपटाचे संवाद पाठ असलेले चाहते आपल्याकडे शोधावे लागत नाहीत. त्यांच्यातल्या किती जणांना ही गोष्ट ठाऊक आहे? नटाचे केस, कपडे, आवाज आपण घेतला. त्याचे म्हणणे घेतले नाही.

आणि एक अधिक अडचणीचा प्रश्न. आर्चीच्या जागी आपल्या मोहल्ल्यातली मुलगी असती तर? तिने जमातीबाहेरचा नव्हे, नुसता बिरादरीबाहेरचा मुलगा निवडला असता तर आपल्यातल्या कितींनी तिला सुमनअक्कासारखा आसरा दिला असता? पर्श्याच्या बाजूने टाळ्या वाजवणाऱ्या आमच्या पोरांनी घरी बहिणीचा मोबाईल तपासू नये, इतकी साधी अपेक्षाही अनेकदा पुरी होत नाही. मंजुळेंच्याच 'झुंड'मध्ये, २०२२ साली, रझिया नावाची मुस्लिम बाई मैदानात उतरून फुटबॉल खेळते. त्या चित्रपटातल्या डॉ. आंबेडकरांच्या प्रतिमेसमोर अमिताभ उभे राहतात त्या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले. रझियावर आपल्याकडून काय लिहिले गेले? तिच्यावर लिहायला तर बाहेरच्या कोणाची भीती नव्हती. भीती घरचीच होती.

तेव्हा आजच्या या रसिक-समीक्षेत मला तीन उणिवा दिसतात. पहिली म्हणजे ती निकाल देते, वाचन करत नाही. चित्रपट कोणाच्या बाजूचा आहे हे ठरले की तिचे काम संपते. दुसरी म्हणजे ती मोजदाद करते. अमुक समाजाची पात्रे किती, चांगली किती, वाईट किती. मोजदाद आवश्यक आहे, पण ती सुरुवात आहे. सल्या आहे हे मोजून झाल्यावर सल्याचे काय केले हा प्रश्न यावा लागतो. तिसरी उणीव म्हणजे घाई. पहिल्या खेळाच्या मध्यंतरात ज्याचे मत तयार असते त्याला शेवटची शांतता ऐकू येत नाही. 'सैराट'च्या शेवटी बाळाची रक्ताने भरलेली पावले उमटतात तेव्हा संगीत थांबलेले असते. त्या वेळी सभागृहात जो सन्नाटा पसरे तो मी अनुभवला आहे. त्या सन्नाट्यातून बाहेर येताच मोबाईल काढणाऱ्याला लेख सुचेल, समज येणार नाही.

मार्च १९९० मध्ये याच सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. प्रा. फ. म. शहाजिंदे अध्यक्ष होते आणि प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारखे लोक त्यामागे उभे होते. मराठी साहित्यातला मुसलमान हा एक तर परका खलनायक किंवा गोड शेजारी, या दोन खणांतून बाहेर काढणे हे त्या चळवळीचे एक काम होते. बेन्नूर सर २०१८ मध्ये गेले. काम संपलेले नाही; फक्त त्याची जागा बदलली आहे. आज आमची पोरे कादंबरी क्वचित वाचतात, पण सिनेमा आणि मालिका रोज बघतात आणि रोज त्यावर भांडतात. त्यांचे भांडण हे आपल्या साहित्यविचाराचे क्षेत्र आहे असे आपण मानले नाही. परिसंवादात आपण कथा, कविता, आत्मकथन यांचे विषय ठेवतो. सिनेमावर लिहिणाऱ्या पोराला आपण व्यासपीठ देत नाही आणि मग तो एकटा रात्री लिहितो व एकटाच पहाटे पुसतो. एकट्याने लिहिलेले पुसावे लागते. दहा जणांनी नाव घालून, विचार करून, छापून लिहिलेले पुसणे अवघड असते. अशा अंकांचा उपयोग त्यासाठीच आहे.

त्या संध्याकाळी निघताना मी त्या विद्यार्थ्याला विचारले, पुसलेले तुझ्याजवळ आहे का? तो म्हणाला, नाही, पण आठवतंय. मी म्हटले, मग आठवून लिहू नकोस. सिनेमा पुन्हा बघ, सल्या ज्या ज्या प्रसंगात आहे तेवढे प्रसंग लिहून काढ, तो काय बोलतो, कोण त्याला उत्तर देतो, कोण देत नाही, ते बघ आणि मग लिही. रागाने लिहू नकोस आणि उपकार मानूनही लिहू नकोस. अम्मीला आधी वाचून दाखव.

त्याने मान हलवली. रंगभवनच्या बाजूने येणाऱ्या गर्दीत त्याची गाडी दिसेनाशी झाली. त्याचा लेख अजून माझ्याकडे आलेला नाही. मी वाट बघतो आहे.